जाळीखालचे पाणी : फ्लोरिडातील तलावांवरच्या जाळीघरांचा इतिहास

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला असलेल्या फ्लोरिडा राज्यात, विशेषतः त्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य किनाऱ्यावरील उपनगरांत, घरामागे पोहण्याचा तलाव असला की तो, त्याच्या भोवतालच्या फरसबंद चौथऱ्यासह, चारही बाजूंनी आणि वरूनही बारीक विणीच्या जाळीने बंदिस्त करण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की विमानातून पाहणाऱ्याला घरांच्या रांगांमागे जाळीच्या चौकोनी पेट्यांची आणखी एक रांग दिसते. पोकळ ॲल्युमिनियमच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्याच्या चौकटींत ताणून बसवलेले जाळीचे कापड एवढीच ही रचना असून स्थानिक बोलीत तिला तलावाचा पिंजरा म्हणतात. पुढील विवेचनात तिच्यासाठी जाळीघर हा शब्द योजला आहे. जाळीघरे उभारणारे ठेकेदार आणि घरे विकणारे दलाल त्यांची महती सांगताना पाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दा हमखास पुढे करतात, आणि पाने, किडे, बेडूक, पक्ष्यांची विष्ठा यांपासून तलावाचा बचाव होतो हे खोटेही नाही. परंतु इतिहासाच्या अंगाने पाहिले तर स्वच्छता हे या रचनेचे मूळ प्रयोजन नव्हते; डासांच्या भीतीतून जाळी आली, भीती ओसरल्यावर सवय उरली, आणि त्या सवयीला तलावाच्या निमित्ताने स्वच्छतेचे नवे कारण मिळाले.

फ्लोरिडा आणि डास यांचे नाते किती जुने आहे याची साक्ष नकाशाच देतो. हा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात आल्यानंतर १८२४ मध्ये त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विस्तीर्ण जिल्ह्याला चक्क डासाचेच नाव देण्यात आले होते. १८४५ मध्ये ते बदलून ऑरेंज असे ठेवले गेले. नव्या वसाहतकारांना आमंत्रण देऊ पाहणाऱ्या जिल्ह्याला जुने नाव परवडणारे नव्हते, एवढा अंदाज करायला हरकत नाही. हिवताप आणि पीतज्वर हे दोन्ही आजार तेथे वारंवार येत. मात्र त्यांचा डासांशी असलेला संबंध कोणाला ठाऊक नव्हता, आणि दलदलीतून उठणारी दूषित हवाच माणसाला आजारी पाडते असे वैद्यकशास्त्र मानत होते. ॲपालाचिकोला या बंदरात राहणारे डॉक्टर जॉन गोरी यांनी याच समजुतीतून पाणथळ जागा बुजवण्याचा आग्रह धरला आणि रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्यासाठी बर्फ तयार करणारे यंत्र बनवले, ज्याचे पेटंट त्यांना १८५१ मध्ये मिळाले. निदान चुकीचे असूनही उपाय फारसे चुकलेले नव्हते, कारण साचलेले पाणी हटले की डासही घटत. पुढे शंभर वर्षांनी फ्लोरिडातील घरांना राहण्याजोगे करणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक, म्हणजे थंड हवा, या डॉक्टरांच्या खटपटीत बीजरूपाने होती. दुसरी गोष्ट, म्हणजे जाळी, उत्तरेकडून आली.

ती आली एका बुडू पाहणाऱ्या धंद्यातून. कनेटिकट राज्यातील जॉर्जटाउन येथे बेंजामिन गिल्बर्ट यांनी १८१८ मध्ये घोड्याच्या केसांच्या चाळण्या विणण्यास प्रारंभ केला होता. पुढे गिल्बर्ट अँड बेनेट या नावाने वाढलेल्या या कारखान्यात केसांऐवजी लोखंडी तार वापरून मागावर जाळी विणली जाऊ लागली. विणकामाच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे कापडच होते, कारण तीत उभे आणि आडवे धागे, म्हणजे ताणा आणि बाणा, तसेच असतात; फक्त धागा धातूचा. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि दक्षिणेतील राज्यांशी असलेला चाळण्यांचा व्यापार तुटल्याने कारखान्यात जाळीचे तागे पडून राहिले. त्यांना गंज लागू नये म्हणून रंग देऊन ते खिडक्यांना लावण्यासाठी विकावेत ही कल्पना तेव्हा पुढे आली आणि ती भलतीच यशस्वी ठरली. माशी आणि डास घरात येऊ नयेत, पण वारा मात्र यावा, ही गरज सर्वत्र होतीच. तिला स्वस्त वस्तू मिळाली. पुढे न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड येथे विकवायर बंधूंनी सतरंज्या विणण्याच्या मागात फेरफार करून तारेचे कापड मोठ्या प्रमाणावर काढले आणि शतक संपेपर्यंत जाळीची खिडकी मध्यमवर्गीय अमेरिकन घराचा सामान्य भाग झाली. एवढे सगळे झाले ते कोणत्याही वैज्ञानिक शोधाविना, केवळ त्रास टाळण्याच्या हेतूने, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वैज्ञानिक कारण नंतर मिळाले आणि त्याचा एक धागा भारतातून जातो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलिस जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवींची वाढ दिसली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इटलीत या ज्ञानाची कसोटी लागली. रोमभोवतीच्या हिवतापग्रस्त मैदानात आंजेलो चेल्ली यांनी रेल्वे कामगारांच्या घरांना जाळ्या बसवून पाहिल्या, तर १९०० च्या उन्हाळ्यात पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो या दोघा डॉक्टरांनी ऑस्टियाजवळच्या दलदलीत जाळीबंद लाकडी झोपडीत मुक्काम केला. दिवसा ते मोकळे फिरत, सूर्यास्तापूर्वी आत जात आणि सूर्योदयानंतर बाहेर पडत. हिवतापाचा हंगाम सरला तरी दोघेही निरोगी राहिले. दूषित हवेचा सिद्धांत त्या झोपडीत निकालात निघाला, कारण जाळीतून हवा तर आत येतच होती. पनामा कालव्याच्या बांधकामात १९०४ पासून विल्यम गोर्गस यांनी हाच धडा गिरवला आणि तेथील दमट, खाऱ्या हवेत लोखंडी जाळी टिकत नसल्याने तांब्याच्या जाळीवर खर्च केला. जाळी हे आता सरकारने मान्य केलेले आरोग्यसाधन झाले.

जाळी माणसाभोवती लावायची की पाण्यावर, हा प्रश्न मात्र मुंबईत वेगळ्या रीतीने उपस्थित झाला. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि शहरातील हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास मुख्यतः घरांच्या आवारातील विहिरींत वाढतो, असा निष्कर्ष मांडला. पाणथळ शेते किंवा खाजणे नव्हेत, तर वाड्या-चाळींतील वापरातले स्वच्छ पाणीच दोषी ठरले, ही बाब तेव्हाच्या नागरिकांना पचणे अवघड होते. नगरपालिकेने विहिरी बुजवण्याचे किंवा पक्क्या झाकणाने बंद करण्याचे धोरण अवलंबले तेव्हा धार्मिक कारणावरून विरोध झाला. पारशी समाजाच्या दृष्टीने विहिरीचे पाणी सूर्यप्रकाशाला उघडे असणे महत्त्वाचे होते, आणि हिंदू व जैन कुटुंबांनाही पूजेसाठी विहिरीचेच पाणी हवे असे. तडजोड निघाली ती जाळीतून : विहिरीचे तोंड बंद करून त्यात बारीक तारजाळीची उघडझाप करता येणारी झडप बसवावी, म्हणजे प्रकाश आत जाईल, पोहऱ्याने पाणी काढता येईल आणि डास मात्र अंडी घालू शकणार नाही. चर्चगेटजवळची १७२५ मधील भिखा बेहराम विहीर आजही वापरात आहे, पण शहरातील असंख्य विहिरींचे भवितव्य त्या काळातील या वादात ठरले. मुंबईत जाळी पाण्यावर आली ती डासाला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी. फ्लोरिडात ती पाण्यावर येईल ती माणसाला डासापासून दूर ठेवण्यासाठी, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

फ्लोरिडात १८८८ मध्ये जॅक्सनव्हिल येथे पीतज्वराची मोठी साथ आली, शेकडो माणसे दगावली, आणि तिच्या धक्क्याने पुढच्याच वर्षी राज्याचे आरोग्य मंडळ स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मंडळाचा भर निचरा, पाण्यावर तेल टाकणे आणि जाळ्या लावणे यांवर होता. १९२२ मध्ये डासविरोधी कार्यासाठी राज्यव्यापी संघटना उभी राहिली आणि १९२५ मध्ये इंडियन रिव्हर परगण्यात पहिला डास नियंत्रण जिल्हा, म्हणजे केवळ या कामासाठी कर बसवण्याचा अधिकार असलेली स्थानिक संस्था, अस्तित्वात आली. किनाऱ्यावरील खाजणांत वाढणारे डास रोग पसरवण्यापेक्षा त्यांच्या प्रचंड संख्येमुळे असह्य होत असत; पर्यटन आणि जमीनविक्री यांवर जगू पाहणाऱ्या राज्याला तेवढेही पुरे होते. याच काळात घराच्या पुढील वा मागील पडवीला जाळी लावून तेथे संध्याकाळी बसण्याची, उन्हाळ्यात निजण्याचीही रीत सर्वसाधारण झाली. जाळीची पडवी म्हणजे पुढील जाळीघराचे बालरूप होय.

तलावाची गोष्ट तोवर स्वतंत्रपणे चालली होती. मायामीलगतच्या कोरल गेबल्स या नियोजित उपनगरात १९२४ मध्ये प्रवाळी दगडाच्या जुन्या खाणीतून व्हेनिशियन पूल हा सार्वजनिक तलाव तयार करण्यात आला, आणि त्याचे सुमारे ८,२०,००० गॅलन, म्हणजे ३१ लाख लिटरच्या आसपास पाणी भूगर्भातील झऱ्यांतून भरून ठराविक वेळाने पूर्ण सोडून देण्याची व्यवस्था होती. पाणी शुद्ध करण्यापेक्षा बदलणे सोपे, असा हा जुना व्यवहार होता. ब्राउन विद्यापीठाच्या तलावात १९१० च्या सुमारास क्लोरीनचा वापर झाल्यापासून मात्र तेच पाणी महिनोन्महिने राखता येऊ लागले, आणि वाळूच्या गाळणीतून पंपाने पाणी फिरवण्याची पद्धत रूढ झाल्यावर तलाव हा लहान घरालाही झेपेल असा झाला. बांधकामाचा अडसर दूर केला तो एका अनपेक्षित माणसाने. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात मृत प्राण्यांचे पेंढा भरलेले नमुने तयार करणारे कार्ल एकली यांनी १९०७ मध्ये हवेच्या दाबाने सिमेंट फवारणारी बंदूक बनवली, तिचे पेटंट १९११ मध्ये मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तलाव बांधणाऱ्यांनी खड्ड्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा रचून त्यावर हे मिश्रण फवारण्याचे तंत्र सर्वत्र नेले. लाकडी साचे लागत नसल्याने हव्या त्या आकाराचा तलाव थोड्या दिवसांत होऊ लागला.

युद्धाने आणखीही काही दिले. ॲल्युमिनियम तापवून मऊ करून साच्याच्या छिद्रातून दाबून काढलेल्या पोकळ पट्ट्यांचा विमान कारखान्यांत झालेला वापर आता खिडक्या-दारांकडे वळला. काचेचे केसासारखे बारीक तंतू काढण्याचा उद्योग १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग या कंपनीच्या रूपाने उभा राहिला होता, तोही नवी गिऱ्हाइके शोधू लागला. तलाव, ॲल्युमिनियम आणि काचतंतू ही तीन टोके एकत्र यायची बाकी होती.

तलाव कापडाने झाकण्याचा एक वेगळा प्रयोग दरम्यान उत्तरेत झाला आणि तो काही काळ अधिक आधुनिक वाटत होता. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१७ मध्ये रणांगणावरील इस्पितळांसाठी खांबांशिवाय, केवळ आतील हवेच्या किंचित जास्त दाबावर उभ्या राहणाऱ्या तंबूचे पेटंट मागितले होते, पण तसा तंबू त्यांच्या हयातीत उभा राहिला नाही. महायुद्धानंतर अमेरिकेला उत्तर सीमेवरील रडारच्या तबकड्या बर्फ-वाऱ्यापासून वाचवण्यासाठी असे आवरण हवे होते, जे धातूचे असून चालणार नव्हते, कारण धातू रडारच्या लहरी अडवतो. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील कॉर्नेल वैमानिक प्रयोगशाळेत वॉल्टर बर्ड यांनी १९४८ मध्ये रबरी लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचा सुमारे १५ मीटर व्यासाचा घुमट हवेवर उभा करून दाखवला. त्याच्या माथ्यावर बर्ड स्वतः उभे असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि आपल्याच घरच्या तलावावर पारदर्शक कापडाचा घुमट चढवला, जो १९५७ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. पंखा सतत चालू, आत शिरण्यासाठी हवा निसटू न देणारे दुहेरी दार, आणि बाहेर बर्फ असताना आत पोहणारी माणसे : उत्तरेतील वाचकाला यात उद्याचे घर दिसले असल्यास नवल नाही. अशा घुमटाखाली पाणी खरोखर स्वच्छ राहते, कारण बाहेरचे काहीच आत येत नाही. परंतु हवेचा दाब राखण्याचा खर्च, वीज गेली की कापड खाली बसण्याचा धोका आणि आत साचणारी वाफ यांमुळे घरगुती तलावांसाठी तो हौशीचाच विषय राहिला. बर्ड यांच्या कंपनीचे खरे नाव पुढे क्रीडागृहांच्या आणि विमानतळांच्या कापडी छपरांनी झाले. फ्लोरिडात तर हा घुमट निरुपयोगीच ठरला असता. तेथे अडचण थंडीची नव्हती, आणि मे महिन्यातील दुपारी बंद कापडाखालच्या तलावात उतरणे कोणालाही सोसवले नसते. तेथे हवे होते ते वारा आत येऊ देणारे कापड.

त्या दिशेने वाटचाल करणाऱ्यांत सारासोटा या गावाभोवती काम करणारे वास्तुकार पुढे होते. राल्फ ट्विचेल आणि त्यांचे तरुण सहकारी पॉल रुडॉल्फ यांनी १९५० मध्ये बांधलेल्या एका पाहुणेघराच्या झुलत्या छपरावर, नौदल युद्धनौका गुंडाळून ठेवण्यासाठी वापरत असे त्या फवाऱ्याच्या प्लास्टिकचा थर दिला होता. युद्धातील साहित्य घरात आणण्याची त्यांची हौस यावरून दिसते. रुडॉल्फ यांनी फिलिप हिस या विकासकासाठी १९५३ मध्ये बांधलेले छत्रीघर मात्र येथे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात घर आणि तलाव या दोहोंवर मिळून लाकडी पट्ट्यांची एकच सलग जाळीदार छत्री धरलेली होती. तिचा उद्देश सावली हा होता, डास नव्हे. तरीही तलाव हा अंगणाचा नसून घराचा भाग आहे आणि त्यालाही छप्पर असू शकते, हा विचार तिथे स्पष्टपणे बांधून दाखवलेला आहे. १९६० च्या दशकातील एका वादळात ती छत्री मोडली आणि २०१५ मध्ये ती नव्याने उभारण्यात आली. याच वर्तुळातील इतर घरांत जाळीच्या भिंतींनी वेढलेल्या बैठका सर्रास आढळतात. वास्तुशास्त्राचे इतिहासकार जाळीघरांकडे क्वचितच वळतात, कारण ती ठेकेदारांची निर्मिती आहे. पण कल्पनेचा उगम शोधायचा तर तो या नामवंत घरांत आणि सामान्य माणसाच्या जाळीबंद पडवीत अशा दोन्ही ठिकाणी मिळतो, आणि दुसऱ्याचा वाटा अधिक आहे.

येथे कालक्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. निचरा, डीडीटीची फवारणी आणि सुधारलेली घरे यांच्या बळावर १९५१ मध्ये अमेरिकेतून हिवतापाचे उच्चाटन झाल्याचे मानले गेले, म्हणजे तलावांवर जाळीघरे चढू लागली त्या सुमारास रोगाची भीती जवळजवळ संपली होती. त्याच दशकात वातानुकूलन यंत्रे घरोघर जाऊ लागली, खिडक्या बंद झाल्या आणि पडवीत बसण्याची गरज उरली नाही. तर्काने पाहता जाळीचे दिवस भरले होते. प्रत्यक्षात ती पडवीवरून उठून तलावावर जाऊन बसली, कारण संध्याकाळी घराबाहेर बसण्यासारखी तीच एक जागा उरली होती, आणि खाजणातील डास, तसेच साध्या जाळीतूनही शिरणारी अगदी बारीक चावरी चिलटे रोग देत नसली तरी बसू देत नव्हती.

अलाबामातील टस्कलूसा येथे रीस फायफर यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या तारेची जाळी विणण्याचा कारखाना काढला आणि अशा कारखान्यांतून पुढील दोन दशकांत धातूच्या जाळीबरोबरच प्लास्टिकचा लेप दिलेल्या काचतंतूंची जाळीही येऊ लागली. ॲल्युमिनियमची जाळी खाऱ्या वाऱ्यात पांढरी पडते, दाबली की पोचा जात नाही. काचतंतूंची गंजत नाही, दाबली तर पूर्ववत होते आणि कात्रीने कापता येते. तलावासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित जाळीत एका इंचात एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १४ धागे असतात. चिलटांचा उपद्रव असेल तेथे दोन्ही दिशांनी २० धाग्यांची घट्ट विणीची जाळी घेतात, पण तीतून वारा कमी येतो आणि वादळात तिच्यावर भार अधिक पडतो.

बसवण्याची कृती अशी. चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खिळेवजा पेच मारून खालची पट्टी पक्की करतात, तिच्यावर खांब उभे करून वर तुळया टाकतात, आणि घराच्या बाजूने सांगाडा वळचणीला लावलेल्या रुंद, भक्कम पन्हळीवर टेकवतात, जी छपराचे पाणीही वाहून नेते. प्रत्येक चौकटीच्या कडेला अरुंद खाच असते. कारागीर शिडीवर उभा राहून जाळीचे कापड चौकटीवर पसरतो, त्यावरून खाचेच्या रेषेत रबरासारखी बारीक दोरी धरतो आणि लाकडी मुठीच्या लहानशा चाकाने ती दोरी कापडासकट खाचेत दाबत नेतो. चारही कडा भरल्या की कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाते आणि बाहेर उरलेला काठ धारदार पात्याने कापला जातो. ताण कमी पडला तर पावसानंतर कापडाला पोट सुटते, जास्त झाला तर हलक्या पट्ट्या आत वाकतात. हातातले हे गणित सवयीनेच येते. उन्हाने आठ-दहा वर्षांत दोरी कडक होते आणि कापड खाचेतून सुटू लागते, त्यामुळे जुने कापड काढून नवे भरणे हा एक स्वतंत्र धंदा त्या भागात चालतो. जमिनीलगत सुमारे हातभर उंचीची ॲल्युमिनियमची सलग पट्टी असते, जी पावसाच्या थेंबांनी उडणारी माती आत येऊ देत नाही. पाण्याच्या स्वच्छतेसाठी मुद्दाम केलेला या रचनेतील हा बहुधा एकमेव भाग होय.

मग स्वच्छतेचा दावा कितपत खरा? फ्लोरिडातील सदाहरित ओक वृक्ष वसंताच्या आरंभी जुनी पाने टाकतात, एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये जोडीने उडणाऱ्या काळ्या-लाल माशांचे थवे हवेत भरतात, आणि पावसाळ्यात बेडूक पाण्याच्या आशेने येतात. हे सारे जाळीबाहेर राहते, गाळणीची टोपली वारंवार रिकामी करावी लागत नाही आणि तळाशी कुजणारी पाने नसल्याने क्लोरीनही कमी खर्ची पडते. उन्हातील अतिनील किरण क्लोरीनचे विघटन करतात, आणि जाळी थोडी सावली करते म्हणून तिथेही किंचित बचत होते, जरी त्याच सावलीने हिवाळ्यात पाणी काही अंशांनी थंड राहते. पण फुलांचे पराग, धूळ आणि शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू जाळीला जुमानत नाहीत. पोहणाऱ्याच्या अंगावरचे तेल व घाम तर आतूनच येतात. आणि दमट ऋतूत खुद्द जाळीवर व पांढऱ्या पट्ट्यांवर हिरवे-काळे शेवाळ चढते, ते दाबाच्या पाण्याने धुवावे लागते आणि धुताना त्यातील बरेचसे तलावातच पडते. जाळीघर डोळ्यांना दिसणारी घाण अडवते. पाणी पोहण्याजोगे निर्जंतुक ठेवण्याचे काम रसायनाचे आणि पंपाचे आहे, आणि जाहिरातींत या दोन कामांची सरमिसळ सोयीस्करपणे केली जाते.

कायद्याने जाळीघराला आणखी एक प्रयोजन दिले. लहान मुले तलावात बुडण्याचे प्रमाण फ्लोरिडात फार असल्याने राज्याने २००० मध्ये घरगुती तलावांच्या सुरक्षेचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर २००० नंतरच्या नव्या तलावांना किमान चार फूट उंचीचा अडथळा, सुरक्षित आच्छादन, दारांना गजर किंवा आपोआप मिटणारी दारे यांपैकी एक तरी व्यवस्था सक्तीची केली. जाळीघराची भिंत योग्य रीतीने बांधलेली असल्यास अडथळा म्हणून चालते. शेजारचे मूल तिच्यामुळे बाहेर राहते हे खरे, परंतु घराचे मागचे दार थेट जाळीघरात उघडत असल्याने घरातल्या मुलाला तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी दाराची वेगळी तजवीज करावीच लागते. खरेदीदार हा भेद समजून घेतात असे नाही.

१३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली नावाचे चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने नैर्ऋत्य किनाऱ्यावर, पुंटा गोर्डा शहराच्या बाजूला धडकले आणि त्याच मोसमात आणखी तीन वादळे आली. घरे उभी राहिली, पण त्यांच्या मागची जाळीघरे मोठ्या संख्येने मोडली, कित्येक तर मुळासकट उचलली जाऊन शेजारच्या छपरांवर आपटली. पेच आखूड, कोपऱ्यांत तिरकस आधार अपुरे, खांबांची जाडी बेताची, असे दोष समोर आले, आणि १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर तयार झालेल्या राज्यव्यापी बांधकाम संहितेत जाळीघरांच्या वाऱ्याच्या भाराविषयीचे नियम अधिक काटेकोर झाले. कोपऱ्यांत आडवे-तिरपे पोलादी दोर ताणणे आणि अभियंत्याने गणित करून दिलेले आराखडे हे नित्याचे झाले. जाळी ही मोकळी वस्तू असल्याने तिच्यातून वारा सहज निघून जात असेल, ही समजूत चुकीची ठरली होती : बारीक विणीवर ओली पाने चिकटली की ती जवळजवळ शिडाचे काम करते. म्हणून मोठे वादळ येण्याच्या आदल्या दिवशी काही घरमालक स्वतःच पाते घेऊन ठराविक चौकटींतील कापड चिरतात, म्हणजे सांगाडा वाचेल आणि नुकसान केवळ कापडाचे होईल. विमा कंपन्यांपैकी अनेकांनी जाळीघर मूळ विम्यातून वगळले किंवा त्यासाठी वेगळा हप्ता ठेवला, आणि यातून हजारो डॉलरची ही रचना घराचा भाग आहे की नाही हा प्रश्न व्यवहारात अनिर्णित राहिला.

२००८ च्या गृहकर्ज संकटात नैर्ऋत्य फ्लोरिडातील हजारो घरे जप्त होऊन रिकामी पडली. वीज तोडल्यावर पंप थांबले, क्लोरीन उडून गेले आणि तलाव हिरवे झाले. फाटलेल्या एका चौकटीतून किंवा उघड्या राहिलेल्या दारातून आत आलेल्या डासांना अशा तलावात भक्षकांपासून संरक्षण मिळाले, आणि डास नियंत्रण जिल्ह्यांच्या कर्मचाऱ्यांना अळ्या खाणारे गंबुसिया मासे घेऊन दारोदार फिरावे लागले. भारतातही हा मासा १९२० च्या दशकात याच कामासाठी आणला गेला होता. बेंटली यांनी मुंबईच्या विहिरींविषयी जे म्हटले होते ते येथेही लागू पडत होते, कारण माणसाच्या वापरासाठी बांधलेले पाणीच डासांचे घर बनले होते.

२०२३ मध्ये सारासोटा परगण्यात, म्हणजे छत्रीघराच्याच परिसरात, बाहेर कोठेही प्रवास न केलेल्या सात जणांना हिवताप झाल्याचे आढळले आणि राज्याच्या आरोग्य विभागाने डासांविषयीच्या नेहमीच्या सूचना पुन्हा प्रसृत केल्या. साचलेले पाणी ओतून टाका, अंग झाका, दारे-खिडक्या आणि पडव्यांच्या जाळ्यांना पडलेली भोके बुजवा, असे त्यांत सांगितलेले आहे. पोहण्याच्या तलावाची सूचना तिथे स्वतंत्र असून तीत जाळीचा उल्लेख नाही, तलाव नीट राखावा आणि त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन असावे एवढेच म्हटले आहे.